किट जोडलं, गाडी पळाली, पण सरळ जाईना! (१/१० टूरिंग कार)

पेचकस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

खूप दिवस मनात असलेली १/१० मापाची रिमोटवरची टूरिंग कार शेवटी घरी आली. तयार गाडी घ्यायची नाही, किटच घ्यायचं आणि प्रत्येक स्क्रू आपल्या हातानं लावायचा, हे आधीपासून ठरलेलं होतं. पिशव्यांवर अक्षरं, पुस्तिकेत चित्रं, स्क्रूंची खऱ्या मापाची आकृती. चार संध्याकाळी त्यात कशा गेल्या कळलं नाही. डिफरन्शिअलचे (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या जोडणीचे) बारके तिरपे गिअर ग्रीसमध्ये बसवून, झाकण लावून, एक चाक फिरवल्यावर दुसरं उलटं फिरताना पाहिलं तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही. शाळेत डिफरन्शिअल पाठ केलं होतं, समजलं त्या दिवशी.

गाडी फोर व्हील ड्राइव्ह आहे. मधून शाफ्ट, पुढे-मागे गिअरचं डिफरन्शिअल, ५४० ब्रश मोटर, ७.२ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी. रिकाम्या पार्किंगच्या जागेत चालवतो.

अडचणी दोन:

१. गाडी सतत उजवीकडे ओढते. स्टिअरिंगचा ट्रिम (मध्य थोडा सरकवायचं रिमोटवरचं बटण) डावीकडे दिला की थोडा वेळ बरी चालते, मग पुन्हा तेच. ट्रिमची जागा दर वेळी वेगळी लागते, हे जास्त छळतंय.

२. मोटर फार तापते. बॅटरी संपेपर्यंत चालवली की मोटरवर बोट टेकवत नाही.

सगळं सुटं करायची तयारी आहे, पण सुरुवात कुठून करू? ज्यांनी किट बांधली आहेत त्यांनी आपले अनुभवही लिहा, वाचायला आवडतील.

जुनाखेळाडू

अभिनंदन! आधी मोटरचं बोलू, ते सोपं आहे.

पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला लागणारा मोठा गिअर) एकमेकांना किती घट्ट लागले आहेत ते बघा. मोटरचे दोन स्क्रू ढिले करा, साध्या वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरच्या मध्ये घाला, मोटर स्परवर हलकी दाबा, स्क्रू आवळा आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढा. पट्टीवर दात उमटलेले दिसले पाहिजेत, पण कागद फाटता कामा नये. मग स्पर बोटानं मागे-पुढे हलवा. केसाएवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवायला हवा. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून चार ठिकाणी हे तपासा, कारण प्लास्टिकचा स्पर थोडा लंबगोल असतो. एका ठिकाणी बरोबर वाटलं तरी समोरच्या बाजूला घट्ट लागतो.

घट्ट असेल तर मोटर तापते आणि आवाजही किरकिरा येतो. फार ढिलं असेल तर स्परचे दात जातात. दोन्हींत ढिलं जास्त महागात पडतं, म्हणून लोक घाबरून घट्ट लावतात.

चाकोरी

स्टिअरिंगसाठी माझा एकच प्रश्न. सर्व्होचा (स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा) हॉर्न, म्हणजे त्यावरची दांडी, लावायच्या आधी सर्व्हो मध्यावर आणला होता का? म्हणजे ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू, ट्रिम शून्यावर, रिसीव्हरला (गाडीतल्या रेडिओला) बॅटरी, सर्व्हो आपोआप मध्यावर येतो, आणि मग हॉर्न. पुस्तिकेत ते एका कोपऱ्यातल्या छोट्या चित्रात असतं आणि निम्मी जनता ते पान उलटून पुढे जाते.

पेचकस (धागाकर्ता)

@जुनाखेळाडू, कागदाची पट्टी आजच करून बघतो. मी नजरेनंच लावलं होतं.

@चाकोरी, हो, मध्यावर आणूनच लावला होता. दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंग दांड्यांची लांबीही पुस्तिकेतल्या आकृतीवर ठेवून मोजली आहे. टेबलावर गाडी अगदी सरळ दिसते. जमिनीवर गेली की बिनसतं.

मुक्तछंद

मला एक कळत नाही. तयार गाड्याही हल्ली चांगल्या येतात. डब्यातून काढा, बॅटरी चार्ज करा, चालवा. चार संध्याकाळी टेबलाशी वाकून बसायचं आणि वर हा मनस्ताप. चालवण्याची हौस असेल त्यानं किटच्या वाटेला का जावं?

अवकाशवेडी

@मुक्तछंद, कारण गाडी आपटणारच. पहिल्याच आठवड्यात कुठेतरी कठड्याला लागून सस्पेन्शनचा आर्म तुटणार. ज्यानं ती जोडली आहे त्याला ठाऊक असतं की तो आर्म एका पिनेवर आहे आणि पिन दोन स्क्रू काढले की निघते. अर्ध्या तासात गाडी पुन्हा पळते. तयार गाडी घेणाऱ्याला तोच आर्म बदलताना पहिल्यांदा गाडी उघडावी लागते, तीही पुस्तिकेशिवाय.

माझी पहिली गाडी तयार होती. दुसरी किट. पहिली आता कुठे आहे तेही आठवत नाही. दुसरीचा कुठला स्क्रू आवळताना हात घसरला होता ते आजही सांगू शकते.

मुक्तछंद

@अवकाशवेडी, हे पटलं. पण शिकणाऱ्या लहान मुलाच्या हातात तयार गाडीच द्यावी, यावर मी ठाम आहे. त्याला आधी पळवू दे. गोडी लागली की उघडायचा हट्ट ते स्वतःच करेल.

जुनाखेळाडू

@मुक्तछंद, +१. यात वाद नाही.

रंगारी_मी

बॉडीचं काय? फोटो कुठे आहे? गाडी उजवीकडे जाऊ दे नाहीतर डावीकडे, बॉडी कशी झाली ते आधी सांगा!

पेचकस (धागाकर्ता)

@रंगारी_मी, बॉडी अजून पारदर्शकच आहे हो. रंगाला हात लावायची हिंमत होत नाहीये. तशीच लावून चालवतोय.

रंगारी_मी

मग नीट लिहितेच, कारण रंग एकदाच देता येतो.

ही बॉडी पॉलीकार्बोनेटची असते आणि रंग आतून द्यायचा असतो. बाहेरचा गुळगुळीत थर हाच मग चकचकीत फिनिश होतो, आणि गाडी उलटी होऊन घासली तरी रंग शाबूत राहतो. रंग पॉलीकार्बोनेटसाठी बनवलेलाच हवा. साधा स्प्रे दिसायला छान बसतो, पण पहिल्या टकरीत बॉडी वाकली की पापुद्रे सुटतात.

सुरुवातीला आतून भांड्याच्या साबणानं धुवा आणि पूर्ण वाळू द्या. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा आणि आपल्या बोटांचे ठसे, दोन्ही जायला हवेत. मग आतून खिडक्यांचे मास्क लावा आणि त्यांच्या कडा नखानं दाबून घ्या.

आता क्रम. आतून रंगवतोय म्हणजे सगळं उलटं. बाहेरून सर्वांत वर दिसायला हवा तो रंग आधी. दोन रंग असतील तर गडद आधी, फिकट नंतर, नाहीतर गडद रंगाची सावली फिकटातून दिसत राहते. पिवळा, लाल, फ्लुरोसंट असे रंग पातळ असतात, त्यांच्या मागून पांढरा थर दिला की रंग उठून येतो.

पहिला हात इतका हलका मारा की रंग लागलाच नाही असं वाटावं. नुसते ठिपके. दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दुसरा. पहिलाच हात जाड दिला तर रंग मास्कच्या कडेखाली शिरतो आणि खिडकीच्या कडेला दात आल्यासारखं दिसतं. माझ्या पहिल्या बॉडीला ते झालं होतं. दुसऱ्या बॉडीला पाच हलके हात दिले आणि कड ब्लेडनं कापल्यासारखी आली.

शेवटी बाहेरची संरक्षक फिल्म सोला. तो क्षण मात्र एकट्यानं अनुभवू नका, घरातल्या कुणाला तरी बोलवा. धुरकट, मळकट दिसणारी वस्तू एका ओढीत आरशासारखी होते.

बिनतारी

रंगारीताई, सुंदर लिहिलंत. एक जोड: चाकांच्या कमानी कापताना थेट कात्रीनं कापू नका. कटरनं रेघेवरून दोनदा हलकी खाच पाडा आणि मग तुकडा वाकवा, तो रेघेवर स्वच्छ तुटतो. आणि बॉडीच्या खांबांची भोकं निमुळत्या रीमरनं पाडा. ड्रिलनं तडा जातो.

मी २७ मेगाहर्ट्झच्या काळातला माणूस. तेव्हा ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हींत क्रिस्टल असायचे आणि मैदानात दोघांकडे एकाच चॅनेलचे निघाले की एकाला थांबावं लागे. कोण कोणत्या चॅनेलवर आहे हे आधी ओरडून विचारायचं आणि मगच स्विच लावायचा. २.४ गिगाहर्ट्झनं ती भानगड मिटवली. आता ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांना ओळखतात, शेजारी दहा जण चालवत असले तरी फरक पडत नाही.

एक सवय मात्र त्या काळातली ठेवा: चालू करताना आधी ट्रान्समीटर मग गाडी, बंद करताना आधी गाडी मग ट्रान्समीटर.

चाकोरी

जुन्या काळाचा विषय निघालाच आहे तर, टामिया या जपानी किट कंपनीची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी १९७६ची, १/१२ मापाची पोर्शे ९३४ टर्बो. म्हणजे रस्त्यावरच्या शर्यतीच्या गाड्यांची ही हौस पन्नाशीला आली. आज नवशिक्यांच्या हाती सर्रास दिसणारी त्यांचीच टीटी-०२ ही २०१३ची आहे.

बिनतारी

@चाकोरी, टीटी-०२च्या मूळ किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे बुश (साध्या कड्या) येतात. पेचकस, तुमच्याही किटमध्ये तसं असेल तर ते बदलणं हा पहिला खर्च करा. मोटर, टायर, ॲल्युमिनियमचे रंगीत भाग, सगळं नंतर. बुशमध्ये धूळ शिरली की ते एक्सललाच घासतात, चाक अडतं आणि मोटरवर भार येतो. ५ मिमी आतला आणि ११ मिमी बाहेरचा व्यास, हे माप टूरिंग गाड्यांमध्ये फार ठिकाणी लागतं.

वळणावळणानं

मला विचारायचंय, चालवायला शिकताना गाडी आपल्याकडे तोंड करून यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं, त्याचं काय करता? जाताना मी राजा असतो आणि येताना प्रत्येक वेळी कठडा.

अवकाशवेडी

@वळणावळणानं, सगळे सांगतात, "गाडीत बसलोय असं समजा". मला ते कधीच जमलं नाही. मला जमलेली युक्ती सांगते. गाडी तुमच्याकडे येत असताना ती ज्या बाजूला भरकटतेय त्याच बाजूला ट्रान्समीटरचं चाक फिरवा. तुमच्या डावीकडे जातेय? चाक डावीकडे. गाडी सरळ होते. विचार करायला वेळच लागत नाही.

आणि रिकाम्या जागेत दोन खुणा ठेवून इंग्रजी आठाच्या आकारात चालवा. गोल गोल फिरवलं तर एकाच हाताचं वळण पक्कं होतं. आठात दोन्ही वळणं येतात आणि येणं-जाणंही.

जुनाखेळाडू

आठ काढा आणि हळू काढा. थ्रॉटल (वेगाचा ट्रिगर) अर्ध्यावरच. नवशिक्यांचा हात एकतर शून्यावर असतो नाहीतर पूर्ण दाबलेला. वळणाआधी सोडायचं, वळणात अगदी थोडा द्यायचा, बाहेर पडताना वाढवायचा. वळणात नाक बाहेर जायला लागलं तर स्टिअरिंग आणखी पिळू नका, थ्रॉटल सोडा. पुढच्या चाकांवर वजन आलं की ती पुन्हा पकडतात.

मुक्तछंद

बॅटरीचं विचारतो. लिथियम पॉलिमर लावली तर वेग वाढतो म्हणे. पेचकसनी ती लावून बघावी का?

बिनतारी

@मुक्तछंद, आत्ता अजिबात नाही. आधी गाडी सरळ जाऊ दे.

पुढे लावायची असेल तर स्पीड कंट्रोलरमध्ये लिथियमचा कटऑफ (बॅटरी फार उतरण्याआधी मोटर थांबवणारी सोय) आहे का ते बघा, आणि तो मोड खरंच निवडलेला आहे का तेही बघा. दोन सेलची बॅटरी म्हणजे ७.४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ८.४. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो, आणि निकेलच्या मोडवर कंट्रोलर त्याला तिथपर्यंत खेचत नेतो. चार्जर बॅलन्सवालाच (सगळे सेल सारखे भरणारा) हवा, चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. बरेच दिवस ठेवायची असेल तर सेलमागे साधारण ३.८ व्होल्टवर ठेवा. मी फुगलेल्या बॅटरीला "अजून एकदा" म्हणणारा माणूस पाहिलाय. त्याच्या टेबलाचा एक कोपरा जळाला, पुढचं टळलं ते तो खोलीत होता म्हणून. यात मी कुणाचंही ऐकत नाही.

पेचकस (धागाकर्ता)

अपडेट: जुनाखेळाडू, तुमचा अंदाज बरोबर निघाला. पट्टी घातली तर ती फाटूनच बाहेर आली. आता प्ले ठेवून लावलंय. आवाज एकदम मऊ झाला आणि तीच बॅटरी संपेपर्यंत चालवल्यावर मोटर गरम होती, पण बोट ठेवता येत होतं. मनापासून आभार!

उजवीकडची ओढ मात्र तशीच. चारही चाकं हातानं फिरवून पाहिली, सगळी सारखीच फिरतात.

तिरपी_रेघ

धागा उशिरा पाहिला. पेचकस, दोनच प्रश्न.

पार्किंगमध्ये तुम्ही कोणत्या दिशेनं फेऱ्या मारता? आणि गाडी उजवीकडे ओढते ती नेहमीच, की वळण घेऊन झाल्यावर?

पेचकस (धागाकर्ता)

@तिरपी_रेघ, फेऱ्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं. म्हणजे सगळी वळणं... उजवीच. थांबा. उद्या उलट्या दिशेनं मारून बघतो.

पेचकस (धागाकर्ता)

उलट्या फेऱ्या मारल्या. गाडी डावीकडे ओढते! ट्रिम शून्यावर, बाकी काहीही बदललेलं नाही.

तिरपी_रेघ

मग गाडी एका बाजूला ओढत नाहीये. ती शेवटचं वळण विसरत नाहीये. स्टिअरिंग मध्यावर परतत नाही, एवढंच. म्हणूनच ट्रिमची जागा दर वेळी वेगळी लागत होती. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं तेच वाक्य वाचून मला शंका आली.

आता असं करा. दोन्ही बाजूंच्या स्टिअरिंग दांड्या चाकाकडून सोडवा. वाटीसारख्या सॉकेटमधून बॉल पक्कडीनं अलगद ओढला की निघतो. गाडी हातात घेऊन एका कुशीवर तिरकी करा. पुढचं चाक नुसत्या आपल्या वजनानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पडलं पाहिजे. मधेच थांबलं किंवा बोटानं ढकलावं लागलं तर दोष तिथे.

बहुतेक वेळा कारण असतं ते चाकाचा नकल (पुढचं चाक ज्यावर बसून वळतं तो सांधा) वर-खाली धरणारे स्क्रू. त्यांचा मानेकडचा भाग गुळगुळीत असतो, आटे फक्त टोकाला. नकल त्या गुळगुळीत भागावर फिरतो. हा स्क्रू इतरांसारखा मनगट वळवून करकचून आवळला की गुळगुळीत भाग संपतो तिथली पायरी प्लास्टिकमध्ये रुतते आणि स्क्रूचं डोकं नकलला चिमटा काढतं. टेबलावर सर्व्हो जोर लावून तो फिरवतो, म्हणून सगळं ठीक दिसतं. परत येताना मधला सर्व्हो सेव्हर, जो स्प्रिंगसारखा असतो, थोडा दबून राहतो आणि चाक मध्याच्या अलीकडेच थांबतं.

चाकोरी

@तिरपी_रेघ, टोपी काढली. मी सर्व्होच्या मध्यावरच अडकून बसलो होतो.

जुनाखेळाडू

आणि स्क्रू सोडताना स्क्रूड्रायव्हर बरोबर वापरा. जपानी किटचे चौफुली स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे असतात. साधा फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि खाच गोल होते. पुन्हा लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा, "टक्" असं जाणवलं की तो जुन्या आट्यांत पडला, मग सुलटा आवळा. नाहीतर प्लास्टिकमध्ये नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळांत भोक सैल होतं.

आटे लॉक करणारं द्रव प्लास्टिकला लावू नका. ते फक्त धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूला, म्हणजे मोटरच्या आणि पिनियनच्या. काही प्लास्टिक त्यानं ठिसूळ होऊन तडकतं.

रंगारी_मी

श्वास रोखून वाचतेय. पेचकस, लवकर लिहा!

पेचकस (धागाकर्ता)

सापडलं.

दांड्या सोडवल्या, गाडी तिरकी केली. उजवं चाक हळूहळू का होईना पडलं. डावं जागचं हललंच नाही. खालचा स्क्रू पाव फेरा सैल केला, थोडं हललं. वरचा केला, अजून थोडं. तरी एका जागी अडकत होतं. मग नकल बाहेर काढून खिडकीपाशी उजेडात धरला. साच्याच्या चौकटीतून कापून घेताना राहिलेला प्लास्टिकचा एक टोचा होता, मोहरीच्या दाण्याएवढा, नेमका सी-हबला (नकलला धरणाऱ्या सी आकाराच्या भागाला) घासेल अशा जागी. त्यावर घासून घासून पांढरी चकाकी आली होती. ब्लेडनं तासला, बारीक पॉलिश पेपरनं दोनदा फिरवला, परत बसवला. स्क्रू पूर्ण आवळून मग फेऱ्याचा आठवा हिस्सा मागे घेतला.

पुन्हा तिरकी केली तर दोन्ही चाकं टपकन एकदम पडली. हे मी किती वेळा करून पाहिलं ते सांगत नाही.

संध्याकाळी ट्रिम शून्यावर ठेवून पार्किंगच्या पांढऱ्या पट्टीवर गाडी उभी केली आणि अर्ध्या थ्रॉटलवर सोडली. टोकापर्यंत पट्टी चाकांच्या मधोमध राहिली.

@तिरपी_रेघ, तुम्ही विचारलं नसतं तर मी आज नवा सर्व्हो घेऊन बसलो असतो.

तिरपी_रेघ

छान! आता पुढच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर) आणि कॅम्बर (समोरून पाहता चाकांचा कल) निवांत बघू. चारही चाकांना वरून दीड-दोन अंश आतला कॅम्बर, मागच्या चाकांना थोडा टो-इन, एवढ्यावर टूरिंग कार शहाण्यासारखी चालते. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं काय झालं ते कळत नाही.

वळणावळणानं

अवकाशवेडीताईंची युक्ती करून पाहिली. "ज्या बाजूला जातेय त्याच बाजूला चाक." आज पहिल्यांदा कठड्याला न लागता गाडी माझ्या पायाशी येऊन थांबली.

मुक्तछंद

इथे वाचता वाचता मीही एक किट बघून ठेवलंय. घरातल्या धाकट्यासोबत बांधणार. पिशव्या तो उघडेल, स्क्रू मी लावेन, असं ठरलंय. नकलचे स्क्रू आवळताना हा धागा समोर उघडा ठेवीन.

अवकाशवेडी

@मुक्तछंद, स्क्रू त्यालाच लावू द्या. तुम्ही पिशव्या उघडा.

पेचकस (धागाकर्ता)

@रंगारी_मी, बॉडी धुऊन वाळत ठेवलीय. निळा आधी आणि पिवळा नंतर, मागून पांढरा. बरोबर ना?

रंगारी_मी

बरोबर. पहिला हात नुसते ठिपके. फिल्म सोलायच्या आधी मला कळवा!